१४ जानेवारीचा चौकोन

माळ्यावरची · ११ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

संक्रांतीच्या आधी आईच्या घरचा माळा आवरायचा म्हणून चार दिवस लातूरला आले आहे. पितळेची पातेली, जुना स्टोव्ह, तुटकी पाळण्याची दोरी असं सगळं खाली उतरवताना सुतळीने घट्ट बांधलेलं एक भेंडोळं हाती लागलं. भिंतीवरची जुनी कॅलेंडरं निघाली, १९८६ पासून २०११ पर्यंतची. एकही वर्ष गाळलेलं नाही.

माझ्या आईने आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही. जे लिहिलं ते या चौकोनांत. उभी रेघ म्हणजे दुधाचा खाडा. ‘गॅ.’ म्हणजे नवा सिलिंडर लावला, आणि पुढचा ‘गॅ.’ आला की दोन्हींच्या मधले दिवस मोजून कोपऱ्यात आकडा. ‘भि.’ म्हणजे भिशी. कुणाच्या घरून डबा आला, कुणाकडून किती उसने आणले, मला कधी ताप आला, सगळं पेन्सिलीने, मुगाच्या दाण्याएवढ्या अक्षरात. आणि त्याच चौकोनात छापलेली तिथी, नक्षत्र, कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी.

१९९३ चा सप्टेंबर उलटला आणि तिथेच बसून राहिले. २९ तारखेला अनंत चतुर्दशी, आईने लिहिलंय, ‘गणपती गेले. मोदक २१.’ ३० तारखेच्या चौकोनात एकच शब्द, ‘हादरा’. त्याखाली दुधाची उभी रेघ. आमचा दूधवाला औशाकडून यायचा, किल्लारी त्याच तालुक्यातली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. आईच्या कॅलेंडरवर त्यापुढे १४ ऑक्टोबरपर्यंत रोज एक उभी रेघ आहे. १५ तारखेला लिहिलंय, ‘दू. आले. दादा बोलले नाहीत.’

तेव्हापासून वाटतंय, छापलेला दिनविशेष आणि हातानं लिहिलेला हिशेब एकाच चौकोनात बसतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे. बुधवारी संक्रांत. तुमच्या घरी १४ जानेवारीच्या चौकोनात काय काय आहे? छापलेलं सांगा, न छापलेलंही सांगा.

फळा_आणि_खडू · ११ जानेवारी, रात्री १०.१५

‘दादा बोलले नाहीत’ वाचून पुढे सरकवेना.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. परिपाठाला दिनविशेष फळ्यावर लिहायचं काम मुलांकडे असतं आणि जानेवारीत त्यांची चंगळ असते. ३ तारखेला सावित्रीबाई, आमच्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१. ६ तारखेला ‘दर्पण’, म्हणजे पत्रकार दिन. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ते सुरू केलं तेव्हा एकाच पानावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असायचा, हे मुलांना फार आवडतं. १२ ला सिंदखेडराजाच्या जिजाऊ आणि विवेकानंद.

१४ ला आमच्या फळ्यावर तीन ओळी. पानिपतची तिसरी लढाई, १७६१. भूगोल दिन, कारण भूगोलतज्ज्ञ चं. धुं. देशपांडे यांचा हा जन्मदिवस. आणि मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याची सुरुवात, तो २८ पर्यंत चालतो. चौथी ओळ मुलं आपणहून लिहितात: ‘आज तिळगूळ आणा.’

वारणाकाठ · ११ जानेवारी, रात्री १०.५२

आमच्या घरात संक्रांतीला गोड करत नाहीत. सुगडं पुजतात, ववसा होतो, पण गूळपोळी नाही. पानिपतावर घरातले दोन कर्ते पुरुष संक्रांतीच्या दिवशी पडले म्हणून. त्यांची नावंसुद्धा आता कुणाला ठाऊक नाहीत, पण तवा चढत नाही. लहानपणी शेजारच्या घरातून खमंग वास यायचा आणि आजी म्हणायची, “विश्वास गेला पानिपतात.” आम्हाला वाटायचं, विश्वास हा आमचाच कुणी काका असणार. पुढे शाळेत विश्वासराव कळले.

आमच्या चौकोनात एवढंच आहे.

येवलेकर · १२ जानेवारी, सकाळी ७.२०

आमच्याकडे चौकोनात काही लिहायला हात मोकळा नसतो. १३, १४, १५ असे तीन दिवस अख्खं येवलं गच्चीवर असतं. भोगी, संक्रांत, कर. दोरा चक्रीवर नाही, आसारीवर गुंडाळतो, खाली हलकडी वाजते. पैठणीचे मागसुद्धा तीन दिवस गप्प.

एक कळकळीची विनंती. नायलॉनचा मांजा घेऊ नका, घेऊ देऊ नका. मागच्या वर्षी माझ्या पुतण्याच्या हनुवटीखाली सात टाके पडले. सुती दोऱ्याने कापलेल्या पतंगाचा आनंद कमी नसतो.

पंचांगवेडा · १२ जानेवारी, दुपारी १.०५

@वारणाकाठ, तुमच्या घरच्या नेमाबद्दल मनापासून आदर ठेवून एक गोष्ट मांडतो, कारण पंधरा वर्षं हाच विषय डोक्यात आहे.

लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१, बुधवार, ही पक्की आहे. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पण त्या वर्षी संक्रांत १४ ला नव्हती.

संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि आपली पंचांगं राशी मोजतात ताऱ्यांच्या संदर्भाने. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी यायला ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं लागतात. भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरचं सरासरी वर्ष आहे ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचं. दर वर्षी साधारण २० मिनिटांचा फरक. ७२ वर्षांत तो एक दिवसाचा होतो आणि संक्रांत एक तारीख पुढे सरकते.

पडताळा पाहायचा असेल तर विवेकानंद घ्या. त्यांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख आहे १२ जानेवारी १८६३. म्हणजे तेव्हा संक्रांत १२ ला होती. तिथून आणखी शंभर वर्षं मागे गेलं की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन चारेक दिवस उलटले होते. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत हे आपल्या हाडीमाशी इतकं रुजलंय की आपण आजची संक्रांत १७६१ वर नेऊन ठेवली.

मध्ये लीप वर्षामुळे तारीख थोडी मागेपुढे होते. २०२४ ला १५, गेल्या वर्षी १४, यंदाही १४, दुपारी सव्वातीनच्या सुमारास. पुढच्या वर्षी सूर्य रात्री राशी बदलेल, तेव्हा १५ ला करावी लागेल. आपली नातवंडं ‘१४ जानेवारी’ म्हणणारही नाहीत.

वारणाकाठ · १२ जानेवारी, दुपारी १.४८

वाईट वाटलं नाही. पण थोडा वेळ गप्प झालो, हे खरं. आजीने जे पाळलं ते कुठल्या दिवसासाठी, हा प्रश्न उभा राहिला. तिथीने पाहायचं तर यंदा पौष शुद्ध अष्टमी कधी होती?

पंचांगवेडा · १२ जानेवारी, दुपारी २.१०

२८ डिसेंबरला होऊन गेली.

आजींनी पाळलं ते माणसांसाठी, दादा. पानिपतची बातमी पुण्यात पोचायला दिवस लागले, खेड्यांत पोचायला महिने लागले असतील. कुणाचा माणूस कुठल्या दिवशी पडला हे कुणाला कळणार होतं? काहींनी तर वर्षानुवर्षं वाट पाहिली. नानासाहेब पेशवे त्याच धक्क्याने खचले आणि २३ जून १७६१ ला पर्वतीवर गेले. ज्यांना तारीख मिळाली नाही त्यांनी जवळचा मोठा सण धरला आणि त्यातलं गोड काढून ठेवलं, असं मला वाटतं. पुरावा नाही, पण मला हे पटतं.

रत्नांग्री · १२ जानेवारी, सायंकाळी ६.३०

आमची संक्रांत शनिवारी १० तारखेला झाली हो! तिळगूळ वाटून डबा रिकामासुद्धा झाला.

आमचं घर टिळक पंचांगाचं. राशीचक्राचा आरंभ कुठून धरायचा, यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांत वाद झाला. टिळक पंचांग रेवती नक्षत्राच्या ताऱ्यापासून मोजतं, बाकीची बहुतेक पंचांगं चित्रा तारा धरतात. दोन्हींत साधारण चार अंशांचा फरक, म्हणून संक्रांतीत चार दिवसांचा. क्वचित अधिक महिना वेगळा पडतो, तेव्हा आमचे गणपतीसुद्धा महिनाभर आधी किंवा नंतर बसतात. लहानपणी शाळेला सुट्टी नसायची आणि घरात आरती चालू असायची.

माझ्या सासरी चित्रापक्ष. त्यामुळे मी गेली बावीस वर्षं दोन संक्रांती करते. आईच्या घरची काळी साडी १० ला, सासरची १४ ला.

फळा_आणि_खडू · १२ जानेवारी, रात्री ९.०५

हे सगळं मुलांना सांगणार आहे. मागच्या फेब्रुवारीत चौथीतल्या एका मुलीने विचारलं होतं, “सर, शिवाजी महाराजांचा वाढदिवस दोनदा का?” तेव्हा तारीख आणि तिथी एवढंच सांगून वेळ मारून नेली. नंतर माझं मलाच बरं वाटेना.

पंचांगवेडा · १२ जानेवारी, रात्री ९.४०

सर, त्या मुलीला आणखी एक गंमत सांगा. तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो, पण ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरने मोजली तर १ मार्च येते. इंग्रजांनी नवं कॅलेंडर फार उशिरा, १७५२ साली घेतलं. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरच्या रात्री झोपलेली माणसं १४ सप्टेंबरला उठली. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच बदल केला होता. म्हणजे शिवरायांच्या काळात मुंबईच्या इंग्रजाची तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगिजाची तारीख दहा दिवसांनी वेगळी. तेव्हाची पत्रं वाचताना ही खबरदारी घ्यावी लागते.

१७६१ पर्यंत इंग्रज सुधारले होते, म्हणून पानिपतच्या तारखेला हा घोळ नाही.

आणि पंचांग छापील झालं त्यालाही फार काळ लोटलेला नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं, तोवर जोशीबुवा घरोघर येऊन तोंडी सांगत किंवा हाताने उतरवून देत. भिंतीवर लटकणारं कालनिर्णय तर १९७३ चं. @माळ्यावरची, तुमच्या आईंच्या हाती ते चौकोन आले आणि त्यांनी ते वहीसारखे वापरले, हे त्यांच्या पिढीचं स्वतःचं आहे. त्यांच्या आईला ही जागा मिळालीच नव्हती.

टोरांटोची_सून · १३ जानेवारी, सकाळी ८.१५

इथे उणे अकरा. भोगीची भाजी झाली. ओले हरभरे मिळाले नाहीत, वाटाणे घातले. गाजर, वांगं, घेवडा आणि भरपूर तीळ. बाजरीचं पीठ मात्र भारतातून आणलेलं, शेवटची दोन वाट्या होती.

मुलाचं पहिलं बोरन्हाण आहे, म्हणून हलवा घरी करायला घेतलाय. तीन दिवस झाले, दाणे पांढरे होतात, गोल होतात, पण काटा येत नाही. माळ्यावरच्या ताई, तुमच्या आईंना विचाराल का?

माळ्यावरची · १३ जानेवारी, सकाळी ११.३०

विचारलं. आईला आता कमी दिसतं, म्हणून मी परात तिच्या पुढ्यात ठेवली आणि तिने बोटांनी करून दाखवलं. जसं पाहिलं तसं लिहिते.

पाक अगदी कच्चा, जेमतेम एकतारी. थोडं दूध घालून मळी काढायची, मग गाळायचा. परात खालून कोमट असली पाहिजे, गरम नाही. ती परात पाण्याच्या पातेल्यावर ठेवते. तीळ पसरायचे आणि पाक घालायचा छोट्या चमच्याने, एका वेळी एकच चमचा. मग बोटांची टोकं परातीला टेकवून, तळवा न लावता, दाणे गोल गोल फिरवायचे. पाक सुकून दाणे मोकळे वाजायला लागले की पुढचा चमचा. वाळूसारखा आवाज आला पाहिजे, असं ती म्हणाली. पहिले दोन दिवस काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी दाणे नुसते जाड होतात. इथेच बाया कंटाळतात आणि पाक जास्त घालतात, की दाणे एकमेकांना चिकटून गुळगुळीत होतात.

“तिला म्हणावं चमचा अर्धा कर,” आई म्हणाली. “काटा थंडीत येतो, पहाटेचं बस. घाई केली की काटा मरतो.”

नागसेनवन · १३ जानेवारी, दुपारी ३.५०

सगळं वाचलं. मन लावून वाचलं. पण अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१४ जानेवारी हा आमच्याकडे नामविस्तार दिन आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला. त्यानंतर मराठवाड्यात गावागावांत आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा खून झाला. लाँग मार्च निघाले, लोक तुरुंगात गेले, पोरांची शाळेची वर्षं वाया गेली. नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. सोळा वर्षं गेली आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. ‘मराठवाडा’ हा शब्द तसाच ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव आलं, म्हणून नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणतात.

माझे वडील मिलिंद महाविद्यालयात शिपाई होते, बाबासाहेबांनी १९५० साली उभं केलेलं ते कॉलेज. मी नऊ वर्षांचा होतो. त्या दिवशी त्यांनी मला खांद्यावर घेऊन विद्यापीठाच्या गेटपर्यंत नेलं. गर्दीत माझी एक चप्पल पडली. ते वाकलेच नाहीत. म्हणाले, राहू दे. आजही दर वर्षी त्या गेटवर लोक येतात, म्हाताऱ्या बाया गेटच्या दगडाला हात लावतात आणि तो हात कपाळाला लावतात.

आमच्या घरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात हे छापलेलं नसायचं. वडील निळ्या शाईने लिहायचे. मुलांना पानिपत शिकवता, जरूर शिकवा. ही ओळही फळ्यावर यावी, एवढंच म्हणणं.

फळा_आणि_खडू · १३ जानेवारी, दुपारी ४.२०

चूक माझी आहे. उद्या ही ओळ फळ्यावर पहिली असेल. ‘राहू दे’ हेही मुलांना सांगेन, तुमची परवानगी असेल तर.

नागसेनवन · १३ जानेवारी, दुपारी ४.३१

सांगा सर.

माळ्यावरची · १३ जानेवारी, रात्री ११.१०

तुमचं वाचून १९९४ चं कॅलेंडर काढलं. १४ जानेवारी, शुक्रवार. आईने लिहिलंय:

‘सुगडं ५. गॅ. (३४). सिस्टर – पेढे.’

हे ‘सिस्टर – पेढे’ मी पहिल्या दिवशीही वाचलं होतं आणि पुढे गेले होते. आज विचारलं. तेव्हा आम्ही भाड्याच्या वाड्यात राहायचो आणि समोरच्या खोलीत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर राहायच्या. आई म्हणाली, “त्या दिवशी संध्याकाळी आल्या. नवी पांढरी साडी. विद्यापीठाचं नाव झालं म्हणून वाड्यात पेढे वाटत होत्या. दोन घरांनी दार उघडलं नाही. मी घेतले की. घरात बोलावून बसवलं, तिळगूळ दिला, कुंकू लावलं.”

मी विचारलं, मग ते लिहून का ठेवलंस?

“घेतलेलं लिहावंच लागतं. नाहीतर द्यायचं राहून जातं.”

पुढची पानं उलटली. १४ एप्रिलच्या चौकोनात आहे: ‘सिस्टर – पुरणपोळी ६.’ तिथे छापलेलं आहे, आंबेडकर जयंती.

दोन्ही पानांचे फोटो जोडले आहेत. अक्षर बारीक आहे, मोठं करून पाहा.

नागसेनवन · १३ जानेवारी, रात्री ११.४५

फोटो आईला दाखवला. वडील असते तर त्यांनाही दाखवला असता. तुमच्या आईंना आमच्या घराचा जयभीम सांगा. उद्या मी गेटवर जाणार आहे, त्या सिस्टरच्या नावानेही हात लावीन.

वारणाकाठ · १४ जानेवारी, सकाळी ६.४०

रात्री बायकोशी बोललो. नेम मोडणार नाही. पण पुढच्या पौष शुद्ध अष्टमीला देवघरात त्या दोघांसाठी दिवा लावायचा ठरलं. नावं नाहीत, तर नुसते दोन दिवे. मुलाने त्याच्या मोबाइलमध्ये तिथी नोंदवून ठेवली.

रत्नांग्री · १४ जानेवारी, सकाळी ९.००

आज षट्तिला एकादशीसुद्धा आहे, म्हणजे तीळ खायलाही आणि दान द्यायलाही. आमच्या सासूबाईंचा उपास, त्यामुळे गूळपोळी उद्या किंक्रांतीला. हळदीकुंकवाला मात्र यंदा फार दिवस नाहीत, २५ ला रथसप्तमी. वाण आत्ताच आणून ठेवा.

टोरांटोची_सून · १४ जानेवारी, सकाळी १०.२०

चमचा अर्धा केला. पहाटे चारला उठून बसले, खिडकी थोडी उघडी ठेवून. काकूंना सांगा, आवाज आला. वाळूसारखा.

माळ्यावरची · १४ जानेवारी, रात्री ८.५५

सगळं वाचून दाखवलं. मग आई म्हणाली, आजचं लिही. दिसत नसल्याने दोन वर्षं तिचे चौकोन कोरे आहेत. तिने सांगितलं तसं मी २०२६ च्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं:

‘एकादशी. पोळ्या उद्या. दू. अर्धा जास्त. जयभीम आला. टोरांटो – काटा आला.’

जागा पुरत नव्हती. ‘बारीक लिही,’ म्हणाली.